शेपूट

सायकलच्या दुकानाच्या काचेवर लावलेल्या फोटोत तिचं फक्त चाक आलं होतं, तेही अर्धं. सकाळी कामावर जाताना मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून ती थांबली होती. दुकानदार पंप शोधायला आत गेला आणि तिची नजर काचेवर गेली. तीन तळ्यांच्या फेरीची जाहिरात होती. मधोमध गेल्या वर्षीचा फोटो. मोठ्या तळ्याच्या काठावर सगळे ओळीने सायकली धरून उभे. डाव्या टोकाला भाची, हात उंच केलेला, सगळे दात दिसतील इतकी हसणारी. तिच्या शेजारी बँकवाला, मग एकमेकांशी कधी न बोलणारं आणि एकमेकांपासून कधी लांबही न जाणारं ते जोडपं, मग बाकीची मंडळी. आणि उजव्या टोकाला, फोटो संपत होता तिथे, कडेतून एक चाक आत डोकावत होतं. चाकाच्या तारांत गवताचं लांब पातं अडकलेलं होतं. ते पातं तिला ओळखू आलं. फोटो काढून झाल्यावर तिने ते ओढून काढलं होतं आणि उगाच, लहान मुलं करतात तसं, बोटाला गुंडाळलं होतं.

"काय बघताय ताई?" दुकानदार पंप घेऊन आला.

"हे चाक."

"कुणाचं आहे?"

"माझं."

"मग त्यावर बसलेल्या तुम्ही कुठे गेलात?"

"कापलं मला."

तो खदखदून हसला. "अहो, कागदात बसलं नसेल. शेवटच्या माणसावरच कात्री येते. आमच्या लग्नाच्या फोटोत माझा सख्खा काका असाच गेला. नुसतं कोपर उरलंय. पण काकू अजून त्या कोपराकडे बोट दाखवून सांगते, हे तुमचे काका!"

तीही हसली. हवा भरून झाली, ती निघाली, पुढच्या चौकात सिग्नलला थांबली, आणि थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मान वळवून मागे बघतोय. मागे कुणी ओळखीचं नव्हतं. एक दुधाची गाडी होती आणि तिच्यातला माणूस जांभई देत होता. तरी तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो तिच्या जिवावर तिथवर आला होता. मग दिवा हिरवा झाला आणि दुधाची गाडी भोंगा वाजवून तिच्या बाजूने पुढे निघून गेली. राग आला का? राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला कुणीतरी धनी तरी असतो. हे काहीतरी वेगळंच होतं. चपलेत खडा शिरावा आणि चप्पल झटकली तरी तो सापडू नये, तसं.

दिवसभर ती चष्म्याच्या कारखान्यातल्या आपल्या टेबलापाशी बसून भिंगं दिव्यासमोर धरत राहिली. तिचं टेबल शेवटचं. कापणारे, घासणारे, थर चढवणारे, सगळ्यांच्या हातांतून भिंग तिच्याकडे यायचं, आणि तिच्यानंतर फक्त कागद आणि खोकं. तिथे बसून बसून तिचे केस पांढरे झाले होते आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. उलट, मनातल्या मनात तिला त्याचा तोरा होता. शेवटचा माणूस म्हणजे उरलेला माणूस नव्हे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ज्याच्यामागे कुणी नाही, त्याला डोळे मिटून चालत नाही. पुढच्या माणसाची चूक मागचा सावरतो. शेवटच्याची कोण सावरणार? एवढं साधं गणित होतं. पण ते काचेवरच्या फोटोत कुठे दिसत होतं? तिथे दिसत होतं गवताचं पातं.

फेरी सुरू केली होती तिच्या धाकट्या भावाने, त्याचे गुडघे अजून त्याचं ऐकत होते त्या काळात. पहिल्याच वर्षी जंगलात फाटा चुकून एक जाडजूड वकील हरवले, आणि संध्याकाळी सापडले तेव्हा एका लाकूडतोड्याच्या ओट्यावर बसून त्याच्याशीच भांडत होते, की रस्ता तुझ्या दारात संपतोच कसा. त्यानंतर ठरलं, एकाने कायम शेवटी राहायचं. कोण राहणार यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि ती म्हणाली, "मी." बस, एवढंच. कुणीतरी 'शेपूट' म्हणालं आणि ते चिकटलं. मग एकेक करत शेपटाचे नियम तिने स्वतःच घडवले. कुणाच्या पुढे जायचं नाही. कुणाला घाई कर म्हणायचं नाही. पुढचा थांबला तर चांगलं अंतर ठेवून आपणही थांबायचं, आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. खाली वाकून चेन चाचपत बसायचं, म्हणजे त्याला वाटावं, हिचंच काहीतरी बिघडलंय. बिघाड नसलेली चेन तपासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि एक नियम बाकीच्यांसाठी: कुणाला झाडीत जायचं असेल, कशासाठीही, तर सायकल रस्त्याच्या कडेला उभी ठेवून जायचं. आत न्यायची नाही. सायकल उभी दिसली की शेपूट थांबणार, माणूस परत येईपर्यंत. एवढ्या वर्षांत एकही माणूस तिच्या मागे राहिला नव्हता. ही गोष्ट ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण झोपण्यापूर्वी कधीकधी काढून बघत असे, पेटीतला दागिना काढून बघावा तशी.

आणि पाठी. ती माणसांना पाठीवरून ओळखायची. तोंड काय, सगळ्यांनाच हसतं ठेवता येतं. पण तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर उन्हात मजेत चाललेल्या माणसाची पाठ, आणि जंगलातल्या चढावर कुणी बघत नाही असं समजून चाललेल्या माणसाची पाठ, या दोन पाठी वेगळ्या असतात. बँकवाल्याचे खांदे चढ दिसण्याआधीच वर जायचे. त्या जोडप्यातली बाई दमली की नवऱ्याची पाठ आधी वाकायची. भाची लहान असताना तिची पाठ इतकी ताठ असायची की मागून वाटावं, पोरीने पट्टी गिळली आहे.

भाचीचा फोन संध्याकाळी आला. फेरी आता तीच चालवत होती, बापापेक्षाही नेटाने.

"आत्या, पोस्टर बघितलंस?"

"बघितलं. माझं चाक छान आलंय."

"अगं बाई!" भाची म्हणाली. "कापली गेलीस का तू? खरंच माझ्या लक्षात आलं नाही. बदलते मी उद्याच."

"राहू दे गं. चाक कळतं आहे."

"बरं, मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला. या वर्षी तू माझ्याबरोबर पुढे चल. अगदी पुढे. दोघी मिळून."

"मग मागे कोण?"

"मागे कुणी नको. सगळ्यांच्या फोनमध्ये तशी सोय करून देते मी. माझ्या पडद्यावर प्रत्येकाचा ठिपका दिसतो. कोण कुठे आहे, थांबलं आहे का, सगळं. आत्या, तू किती वर्षं सगळ्यांची धूळ खाल्लीस. बास की आता."

"मला धूळ आवडते."

"थट्टा नको करूस."

"थट्टा नाही करत. ठिपका दमला की कळतं का तुला?"

"थांबला की कळतं."

"थांबण्याच्या आधी दमतो माणूस."

"आत्या," भाची हळू आवाजात म्हणाली, "मला सायकल शिकवताना तू हात सोडलास, तेव्हा मला सांगून सोडला होतास?"

कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर भाचीच्या सायकलचं सीट धरून ती धावली होती, ऊर फुटेपर्यंत. पोरगी ओरडत होती, "आत्या, सोडू नकोस हं! धरलंयस ना?" आणि ती म्हणत होती, "धरलंय, धरलंय." हात कधीच सुटला होता. ती जागच्या जागी उभी राहून कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "धरलंय," आणि पोरगी लांब लांब चालली होती, आणि ती आवाज मोठा मोठा करत होती, म्हणजे अंतर कळू नये. शेवटी मैदानाच्या टोकाला वळताना पोरीने पाहिलं. पडली नाही. पण घरी येईपर्यंत बोलली नाही. आणि रात्री जेवताना बापाला म्हणाली, "आत्या मागून खोटं बोलते." सगळे पोट धरून हसले होते. तीसुद्धा. मुलांना शिकवायचं म्हणजे एवढं खोटं बोलावं लागतं, असं तिने तेव्हा आणि नंतरही पुष्कळांना सांगितलं होतं. त्या मैदानावर तिने सोसायटीतल्या किती पोरांना सायकलवर बसवलं असेल. प्रत्येकाला मागून 'धरलंय' म्हटलं. आणि आता ती पोरगी, पुढे निघून गेलेली, वळून म्हणत होती, की आता तू सोड.

"असं करू," भाची म्हणाली. "या वर्षी रहा मागे. पण तुला करण्यासारखं काही उरलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून शेपूट बंद. तू पुढे. ठरलं?"

"ठरलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण फार पटकन हो म्हटलं. माजात म्हटलं.

फेरीच्या सकाळी हवा कोरडी आणि थंड होती. भाऊ सामानाची गाडी घेऊन आला होता. गुडघे गेल्यापासून तेवढंच त्याच्याकडे राहिलं होतं. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ताई, दमलीस तर गाडीत ये. भांडायला कुणी नाही, कंटाळा येतो."

"तू आधी गाडी सरळ चालव."

"हिची जीभ तेवढी कधी मागे राहिली नाही," तो म्हणाला आणि त्याने गाडी पुढे काढली.

या वेळी एकच माणूस नवं होतं, एक दातांची डॉक्टर. पन्नाशीची, ठेंगणी, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेली, आणि नवीकोरी, महागातली सायकल. इतकी नवी की कॅरिअरवरचा पारदर्शक कागदही अजून काढला नव्हता. ओळख करून देताना बँकवाला दोन पावलं मागे सरला. "यांनीच माझी दाढ काढली. तुम्ही खुशाल फोटोत हसा डॉक्टर, मी तोंड मिटूनच उभा राहतो." सगळे हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या. परीक्षेच्या हॉलबाहेर उभं राहून मुलं दाराकडे बघतात, तसं. मोठं तळं संपेपर्यंतच तिला कळलं की आजचा दिवस या पाठीचा आहे. इस्त्री कधीच मोडली होती. डॉक्टर सगळ्यात मागे पडल्या होत्या आणि शेपूट त्यांच्या मागे.

मोठ्या तळ्याला वळसा घालून रस्ता जंगलात शिरतो, तिथे हवा एकदम बदलते. उन्हाने तापलेल्या पाण्याचा वास संपतो आणि सावलीतल्या मातीचा वास सुरू होतो, आणि कान, ज्यांना आत्तापर्यंत वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, ते एकदम मोठे होतात. खाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा थर. चाकाचा आवाज असा, जणू कुणी कानाशी कागद चुरगाळतंय. ही जागा तिची होती. म्हणजे कुणाच्या नावावर नव्हती, पण तिची. इथे पुढच्यांचे आवाज झाडांनी गाळून गाळून तिच्यापर्यंत यायचे, शब्द नाहीत, नुसतं माणसांचं असणं. आणि मग तेही थांबायचं आणि फक्त ती, आणि पुढे एक पाठ. किती दुपारी अशा गेल्या होत्या. लग्न मोडलं त्या वर्षीची फेरी तिला आठवत होती. तेव्हा पुढे एक म्हातारे गृहस्थ होते आणि ते इतके हळू चालवत होते की तिला वाटलं होतं, पडतील. त्यांच्याकडे लक्ष ठेवता ठेवता तिचा दिवस पार पडला. ते दुसऱ्या, काळ्या तळ्यापाशी थांबून म्हणाले होते, "तुम्ही मागे आहात म्हणून मला निवांत वाटतं." त्या वाक्यावर तिने पुढची कितीतरी वर्षं काढली. आपण कुणाच्या तरी निवांतपणाचं कारण आहोत. अजून काय हवं?

डॉक्टर थांबल्या. ती लांब थांबली, चेन चाचपू लागली. डॉक्टर निघाल्या. ती निघाली. काळ्या तळ्याच्या अलीकडच्या चढावर डॉक्टर उतरून चालायला लागल्या, तेव्हा तीही उतरली आणि मागून, मोकळ्या आवाजात म्हणाली, "थोडंच राहिलंय. वर गेलं की उतारच आहे." वर गेल्यावर उतार होता, पण त्याच्यापुढे अजून एक चढ होता, आणि तिथेही ती म्हणाली, "झालंच आता." काळ्या तळ्याकाठी रस्ता सारखा वळतो, त्यामुळे पुढचा माणूस मधूनमधून दिसेनासा होतो. एका वळणावर पाठ गेली. पुढच्या वळणावर ती दिसायला हवी होती, दिसली नाही. तिला वाटलं, उतार लागला म्हणून सुटल्या बाई एकदाच्या. बरं वाटलं तिला. कडेला सायकल उभी नव्हती. तिने नीट बघितलं होतं. भिंग बघावं तसं. तिनेही ब्रेक सोडले आणि वारा कानांत शिरू दिला.

मग खिशातला फोन वाजला. उतारावर फोन घ्यायचा नसतो, ती थांबली.

"आत्या," भाचीचा आवाज सावकाश होता, काच उचलताना करतात तसा. "तू थांबली आहेस का?"

"आत्ता थांबले. का?"

"तुझ्या मागे एक ठिपका आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मागे. तिच्या मागे. इतक्या वर्षांत ज्या बाजूला फक्त रस्ता होता, झाडं होती, आणि जगाचा शेवट होता, तिथे एक माणूस होता.

"डॉक्टर," भाची म्हणाली. "हलत नाहीये ठिपका. काळ्या तळ्याशी. मी येऊ?"

भाचीच्या आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता. असता, तर तिला चिडायला सोपं गेलं असतं.

"नको. मी जाते," ती म्हणाली. आणि मग, स्वतःला टोचून घेतल्यासारखं, "तुझा ठिपका खरा निघाला गं."

सायकल वळवली. हा रस्ता तिने उलट दिशेने कधी पाहिलाच नव्हता. तीच झाडं, पण सगळी अनोळखी. नातेवाइकांच्या घोळक्यात मागच्या दाराने शिरावं तशी ती त्यांच्यातून चालली. मनात काय काय येत होतं. पडल्या असतील. पाण्यात गेल्या असतील. आणि या भीतीच्या आड लपून, लाज वाटावी असा एक विचार, की माझ्या वर्षांचं काय. दागिना पेटीतून काढून बघायला गेले आणि तो पितळेचा निघाला. ती स्वतःलाच म्हणाली, गप बस, आधी माणूस शोध.

डॉक्टर सापडल्या तळ्याच्या काठाशी, रस्त्यापासून बऱ्याच आत, एका आडव्या पडलेल्या खोडावर. सायकल त्यांच्याशेजारी झुडपात नीट आडवी घातलेली, वर दोन फांद्याही ओढून ठेवलेल्या. पडलेली नव्हती. लपवलेली होती. बूट काढून डॉक्टरांनी पाय पाण्यात सोडले होते. नाक लाल झालं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यावर हुशार मुलं करतात तसं, आधी स्वतःच बोलायला सुरुवात केली.

"नियम माहीत आहे मला. सायकल कडेला उभी ठेवायची. मुद्दाम नाही ठेवली."

"का?"

"तुम्ही थांबला असतात."

"मी थांबण्यासाठीच तर आहे."

"तेच," डॉक्टर म्हणाल्या. "ताई, रागावू नका. पण तुम्ही माझ्या मागे असता ना, तेव्हा मला माझं एकटीचं वजन ओढावं लागत नाही, दोघींचं लागतं. मी थांबले की तुम्ही थांबता. मग मी नीट थांबूसुद्धा शकत नाही. आणि ती चेन! एवढी काय बिघडते तुमची चेन?"

तिला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत अर्ध्यात विरलं.

"आणि तुम्ही सारखं म्हणत होतात, थोडंच राहिलंय," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "माझा जन्म गेला ते वाक्य बोलण्यात. तोंड उघडून पडलेल्या माणसाला मी दिवसभर तेच सांगते. झालंच, थोडंच राहिलंय. त्यातलं थोडं किती असतं ते मला विचारा! आज पहिल्यांदा कळलं, खुर्चीत पडून ते ऐकताना कसं वाटतं. एकेकाचे हात धरून माफी मागावीशी वाटली."

"बँकवाल्यापासून सुरुवात करा," ती म्हणाली, आणि मग दोघीही हसल्या. पाण्यावर एक पक्षी होता, तो दचकून उडाला.

ती खोडाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पाणी खरोखर काळं होतं, आणि त्यात झाडं उलटी उभी होती, अगदी न हलता. इतकी वर्षं ती स्वतः नेमकी कोण होती? म्हातारे गृहस्थ निवांत होते, हे खरं. पण सगळेच म्हातारे गृहस्थ नव्हते. एखाद्याच्या पाठीला तिची नजर उन्हासारखी लागत असेल. कुणी घाई केली असेल, तिला थांबावं लागू नये म्हणून. कुणी पुन्हा आलंच नसेल. पाठी वाचता येतात म्हणून मिरवणारी ती, आणि पाठ तिलाच वाचत होती, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. वाईट वाटलं. पण चमत्कारिक गोष्ट अशी, की तिचा ताठा मोडला नाही. तो नुसता जागचा हलला. अवघडून बसलेल्या माणसाने पाय बदलावा तसा. वर्षं पितळेची नव्हती. पण ती जपून ठेवण्यासाठी नव्हती, एवढं मात्र दिसत होतं.

"मी सामानाच्या गाडीतून येते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही जा पुढे. फोन करा तुमच्या भावाला."

"करते. पण आधी एक विचारते. तुम्हाला दम लागलाय, की लाज वाटतेय?"

डॉक्टरांनी पाय पाण्यातून काढून रुमालाने पुसले, एकेक बोट, दात पुसल्यासारखं. "दम आता गेला," त्या म्हणाल्या.

"मग शेपूट तुम्ही व्हा."

"काय?"

"मी पुढे, तुम्ही मागे. माझ्या पुढे जायचं नाही. मला घाई कर म्हणायचं नाही. मी थांबले की थांबायचं. माझं वय तुमच्याहून जास्त आहे आणि चढ अजून बाकी आहेत. थोडे नाहीत, चांगले तीन-चार आहेत आणि शेवटचा भयानक आहे. माझ्या मागे कुणीतरी हवं."

"आणि मी थांबले तर?"

"मला कळणार नाही. मी वळून बघणार नाही."

डॉक्टर उठल्या, फांद्या बाजूला केल्या, आणि कॅरिअरवरचा तो पारदर्शक कागद टराटरा ओढून खिशात कोंबला.

वळून बघणार नाही, हे म्हणायला सोपं होतं. पहिल्या वळणावरच तिची मान आपोआप फिरायला लागली. तिने ती हाताने धरावी तशी जागच्या जागी रोखली. पुढे रस्ता मोकळा होता. पाठ नव्हती. कुणाकडे बघायचं तेच कळेना, म्हणून तिने झाडांकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हे जंगल कायम कुणाच्या तरी खांद्यावरून बघत आलो. मागे आवाज होता. नव्या सायकलचा बारीक टिकटिक आवाज. तो आला की तिला बरं वाटे, वाऱ्यात हरवला की ती कान टवकारे. एका उतारावर तो खूप वेळ आला नाही. हात ब्रेकवर गेले. 'धरलंय, धरलंय' म्हणून मागे ओरडणारी ती मैदानावर एकटी उभी असायची, पुढच्याने विश्वास ठेवावा म्हणून. आज पुढचं पोर तीच होती. तिने ब्रेक सोडले. विश्वास ठेवायचा तर असा ठेवायचा. बघून ठेवला तर त्याला हिशेब म्हणतात. उतार संपता संपता टिकटिक परत आली.

शेवटच्या चढावर मात्र ती खरोखर दमली. नाटक नाही, पुढच्याला बरं वाटावं म्हणून नाही. मांड्या भरून आल्या, डोळ्यांसमोर ठिणग्या नाचल्या, आणि ती उतरून हँडलवर कपाळ टेकून उभी राहिली. वर्षानुवर्षं तिने हा चढ पुढच्याच्या वेगाने, उतरत, थांबत, चेन चाचपत चढला होता. स्वतःच्या दमाने तो किती उभा आहे, ते तिला माहीतच नव्हतं. मागे, बऱ्याच अंतरावर, टिकटिक थांबली. मग शांतता. मग चेन चाचपल्याचा आवाज, फारच अडाणी, नुसता खडखडाट. ती हँडलवर डोकं ठेवूनच हसत सुटली. मागून कुणी 'थोडंच राहिलंय' म्हणालं नाही. तिला वाटेल तितका वेळ तिने घेतला. मग वर गेली, आणि पलीकडच्या उताराने, झाडं संपतात तिथून, तिसऱ्या तळ्याच्या कुरणावर उतरली.

त्या छोट्या, उथळ तळ्याला सगळे 'बशी' म्हणत. फेरी तिथे संपायची. गवतावर सतरंज्या अंथरलेल्या, पावाच्या पिशव्या, उकडलेली अंडी, चहाचं मोठं भांडं. आणि सगळी मंडळी उभी होती. बँकवाला, ते जोडपं, बाकीचे. दर वर्षी ती यायची तेव्हा सगळे असेच उभे असायचे. तिला वाटायचं, आपण दिसलो की उठत असतील, निघायची घाई असते लोकांना. भाची धावत आली.

"आत्या! तू पुढे कशी? डॉक्टर कुठे आहेत?"

"येतायत. शेपूट मागे आहे."

भाचीने पडद्याकडे पाहिलं नाही. तिने आत्याकडे पाहिलं, आणि मग काही न विचारता तिच्या हातातून सायकल घेतली.

"बसू का जरा?" तिने भावाला विचारलं. तो गाडीच्या दाराला धरून एका पायावर भार देऊन उभा होता, गुडघे कुरकुरत असणार हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. "आणि तू का असा उभा? बस की."

"कसं बसणार?" तो म्हणाला, जणू तिने काही वेडंवाकडं विचारलं होतं. "शेपूट यायचं आहे अजून."

"म्हणजे... आल्यापासून?"

"आल्यापासून. पहिल्या वर्षापासून. चहाचं झाकणसुद्धा कुणी उचलत नाही." मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तुला माहीत नव्हतं? अगं, तुला कसं माहीत असणार!"

ती तिथे उभी राहिली, त्यांच्यात, ओळीत. उशीर झाल्याची चुळबूळ नव्हती. सगळे झाडांच्या त्या फटीकडे बघत होते, जिथून रस्ता बाहेर येतो. बँकवाल्याच्या पोटात भूक गुरगुरली आणि ती सगळ्यांना ऐकू गेली, तरी कुणी हसलं नाही. किती वर्षं हे सगळे असे उभे राहिले होते, भुकेने, पावसात, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि ती मागे जंगलात, आपण एकट्याच जाग्या आहोत असं समजत. छाती भरून यावी, पण ती नेमकी आपल्यासाठी भरली की या सगळ्यांसाठी, ते वेगळं काढता येऊ नये, तसं तिला झालं.

मग फटीत डॉक्टर दिसल्या. आधी चेहरा दिसला, पाठ नाही. लालबुंद, घामाने चकाकणारा, हनुवटी वर केलेली, शर्ट चोळामोळा. त्या कुणाकडे बघत नव्हत्या, हसतही नव्हत्या. सावकाश, अजिबात घाई न करता त्या उताराने येत होत्या. जणू ही सगळी माणसं, हे कुरण आणि हे तळं त्यांनीच एवढ्या लांबून हळूहळू पुढे ढकलत आणलं होतं.